जपान लांब, चौक जवळ

"मॅडम, यंदाची सहल जपानला न्या ना!"

डिसेंबर 2022 मधली गोष्ट. आठवीचा वर्ग, शेवटचा तास. कुणाच्या तरी भावाच्या मोबाइलवर मुलांनी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात कुठल्याशा कॉलेजचे विद्यार्थी जपानमधले कार्टूनचे आणि व्हिडिओ गेमचे स्टुडिओ बघत फिरत होते. मोठाल्या टेबलांवर वाकून चित्रं काढणारी माणसं, भिंतभर लावलेले कागद, रंगांच्या बाटल्या. तेव्हापासून वर्गात दुसरा विषय नव्हता.

मी नेरळ परिसरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांच्या घरी कोकणी ढंगाची बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि टीव्हीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन. नोबिताला गणितात किती मार्क पडतात हे त्यांना स्वतःच्या मार्कांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक. डोरायाकी म्हणजे काय ते त्यांनी मला शिकवलं. मग त्यांच्या प्रश्नाला हसून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी व्याकरणाचा तास बाजूला ठेवला आणि जपानवर बोलले.

टोकियोजवळ मिताका इथे घिबली या स्टुडिओचं संग्रहालय आहे, 2001 साली उघडलेलं. तिकीट आगाऊ काढावं लागतं, दारात जाऊन मिळत नाही, आणि आत फोटो काढायला मनाई. हे ऐकून मुलांचे चेहरे उतरले. फोटो नाही तर जायचं कशाला, असा त्यांचा रोख. निन्टेन्डो ही गेमची कंपनी 1889 मध्ये क्योटोत सुरू झाली तेव्हा फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवायची, हे ऐकून मात्र वर्ग खूश झाला. पत्ते खेळताना घरात ओरडा खाल्लेली मुलं ती.

मग फळ्यावर हिशेब मांडला. पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. जपानी कार्टूनवाले बहुतेकदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, कधी तीनलाही. दोनचा धरला तर सेकंदाला 12 चित्रं. मिनिटाला 720. दोन तासांच्या सिनेमाला 86,400. वर्गात 42 मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजारांहून जास्त चित्रं. "हाताने?" एकाने विचारलं. हो, कित्येक वर्षं हातानेच. त्या दिवसापासून जवळजवळ प्रत्येक वहीच्या कोपऱ्यात काही ना काही पळायला लागलं. पानं फडफडवली की चेंडू उडतो, मांजर उडी मारते. माझ्या निबंधाच्या वह्याही सुटल्या नाहीत.

जपान शक्य नव्हतं. पण खोटं जग उभं करण्याचं काम कसं चालतं ते दाखवायला आमच्याजवळ एक जागा होती. कर्जत-चौक रस्त्यावरचा एन. डी. स्टुडिओ. सगळे त्याला कर्जतचा म्हणतात, पण तो आहे खालापूर तालुक्यात, चौकजवळ. (खालापूरकरांची ही तक्रार जुनी आहे. इमॅजिका थीम पार्कही त्यांच्याच तालुक्यात, पण लोक नाव खोपोलीचं नाही तर लोणावळ्याचं घेतात.) हा स्टुडिओ उभारणारे कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई मूळचे आपल्या कोकणातले, दापोलीचे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चार चित्रपटांसाठी त्यांना कला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये त्यांनी इथल्या माळावर स्टुडिओ सुरू केला आणि 'जोधा अकबर'साठी आग्ऱ्याचा किल्ला चक्क खालापुरात आणून ठेवला.

सहल काढायची म्हणजे काय असतं ते शिक्षकांनाच ठाऊक. शिक्षण खात्याची परवानगी, एसटीची गाडी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र. मुलग्यांची पत्रं दोन दिवसांत आली. मुलींची येईनात. त्यातली एक मुलगी तर अशी, की जिच्यामुळे सहल ठरली म्हटलं तरी चालेल. हात विलक्षण. माझं बोलणं चालू असताना ती खाली मान घालून वहीत रेघा ओढायची आणि तास संपला की त्या रेघांतून मी फळ्याशी उभी असायची, पदर सावरताना, अगदी हुबेहूब. तिच्या आजोबांनी साफ नकार दिला होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. हे चाचा कर्जतच्या भातगिरणीत आयुष्यभर हिशेब लिहीत आलेले. पांढरी दाढी, बोलणं मोजकं. चहा झाला. मग म्हणाले, "मॅडम, पोरगी चेहरे काढते. जानदार वस्तूंची तस्वीर काढू नये, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तुम्ही तिला आणि सिनेमाच्या कारखान्यात नेणार?"

मी म्हटलं, "चाचा, मी आलिम नाही. हाताने काढलेलं चित्र, फोटो, मुलांची खेळणी, यांवर उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हे हदीसमध्ये आलंय, एवढं मला ठाऊक. पण मी वाद घालायला आले नाही. आम्हाला सोबत एक जाणतं माणूस हवंय. तुम्हीच चला."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून तिच्या अम्मीच्या बांगड्यांचा आवाज येत होता, म्हणजे दाराआड सगळे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बसमध्ये पुढची सीट द्या. मागे माझी कंबर दुखते."

त्या एका होकारानंतर अकरा मुलींची पत्रं आली.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी आम्ही निघालो. नेरळ स्टेशनाजवळून जाताना मुलांना माथेरानच्या छोट्या गाडीचा रूळ दाखवला. 1907 मध्ये ही गाडी सुरू झाली ती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून. दोन फुटांचा रूळ, 21 किलोमीटर घाट, आणि त्या काळी सोळा लाख रुपये खर्च. रोज त्या रुळाशेजारून शाळेत येणाऱ्या मुलांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. माझीच चूक. इतिहासाच्या पुस्तकात नाही म्हणून मीही कधी सांगितलं नव्हतं.

कर्जतच्या चार फाट्यावरून गाडी चौककडे वळली. भातकापणी कधीच झालेली, शेतांत वालाच्या वेली. एका ठिकाणी पनवेल-कर्जत रेल्वेचं काम चाललेलं, लाल मातीचे ढीग. पुढे इर्शाळगड दिसायला लागला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा किल्ला म्हणण्यापेक्षा एक सुळका आहे. वरच्या कातळाला आरपार भोक, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. पायथ्याशी मोरबे धरणाचं पाणी, जे नवी मुंबई पिते. चाचा पुढच्या सीटवरून मागे वळले आणि पहिल्यांदाच मुलांशी बोलले, "तिकडच्या वाड्यांवरचे ठाकर लोक पावसाळ्यात शेवळं, भारंगी घेऊन चौकच्या बाजारात उतरतात. उन्हाळ्यात करवंदं. आमच्या गिरणीत भात कांडायला यायचे, कधी एका दाण्याचा हिशेब चुकवला नाही."

चौकच्या अलीकडे गाडी दहा मिनिटं थांबली. रस्त्याच्या कडेने दोन ठाकर बायका लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. पुढची वयस्क, मागची तरुण, दोघींची पावलं एका तालात पडत होती. आमची चित्रकार खिडकीला नाक लावून बघत बसली.

स्टुडिओत शिरताच किल्ला समोर आला. लाल दगडाचे बुरूज, कमानी, खांबांवर नक्षी. मुलं गप्प झाली, जे सहसा होत नाही. मग एकाने भिंतीवर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज! झालं, बेचाळीस मुलं भिंती वाजवत सुटली. मागच्या बाजूला नेल्यावर तर त्यांचा विश्वास बसेना. पुढून बादशाही दरबार, मागून प्लायवूड, लाकडी चौकटी, लोखंडी नळ्या. दगड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग. ऊन-पावसाने एका कोपऱ्यात रंग उडाला होता आणि आतलं काथ्याचं धाग्याचं अस्तर दिसत होतं.

एका मुलाचा मामू इथे पीओपीच्या कामाला होता. भाच्याला त्याने सांगून ठेवलं होतं की दरबारातल्या अमुक रांगेतल्या खांबाच्या पायाशी आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा आहे, तो माझा. सगळा दरबार सोडून मुलं तो ठसा शोधत राहिली. मिळाला का? एक ठसा मिळाला. मामूचाच होता का, ते अल्लाह जाणे. पण त्या पोराची छाती त्या दिवशी जी फुगली, ती फुगलीच. मला वाटतं, आमच्या सहलीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती. सिनेमाच्या शेवटी नावांची लांबलचक यादी सरकते तेव्हा आपण उठून चालायला लागतो. त्या यादीतही ज्यांचं नाव येत नाही असे सुतार, रंगारी, गवंडी आसपासच्या गावांतून इथे येत होते, आणि त्यांत आपलेही लोक होते.

मी मुलांना घिबलीच्या एका चित्रकाराबद्दल सांगितलं, काझुओ ओगा. 'माय नेबर टोटोरो' या 1988 च्या सिनेमातली शेतं, झाडं, पायवाटा यांची चित्रं त्यांच्या देखरेखीखाली झाली. वापरले ते साधे पोस्टर कलर. पडद्यावर माणसं पळतात, हसतात, पण ज्या जमिनीवर ती पळतात ती आधी कुणीतरी शांतपणे बसून रंगवलेली असते. तो सिनेमा मी मुलांसोबत पाहिला तेव्हा श्रावणातली आमचीच भातखाचरं समोर आल्यासारखी वाटली होती. बांध, पाणी, बांधावरून छत्री घेऊन जाणारं पोर.

दुपारी झुहरची वेळ झाली. नळावर वुजू करून मुलांनी चटया आणल्या. एकाने विचारलं, "मॅडम, त्या घुमटाखाली पढूया का? सावली आहे." चाचा म्हणाले, "घुमट नकली असला तरी सावली असलीच आहे, चला." त्यांनीच इमामत केली. नंतर तांदळाच्या भाकरी, अंड्याची भुर्जी, कुणाकडे कोळंबीचं लोणचं. आम्हाला फिरवून दाखवणारा चौककडचा तरुण आमच्यात जेवला आणि लोणचं दोनदा मागून घेतलं.

जेवताना चाचा एका जाळीदार खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "खोटं आहे, पण मेहनत खरी आहे." यापुढे त्यांनी काही म्हटलं नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

परतल्यावर शाळेत एक उद्योग केला. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली होती. काड्या थोड्या थोड्या सरकवत एकेक चौकट टिपायची, म्हणजे पडद्यावर काड्या आपोआप चालतात. ती फिल्म आज उपलब्ध नाही. आम्ही आमची केली. शाळेच्या टेबलावर काळा कागद, चार रुपयांच्या काडेपेट्या, माझा मोबाइल वह्यांच्या थप्पीवर. दोन दिवसांत 300 फोटो निघाले आणि फिल्म झाली 25 सेकंदांची. काड्यांचा एक उंट चालत येतो, बसतो, त्याचं घर होतं. तेवढ्यासाठी मुलांनी मधली सुट्टी सोडली. ज्याला मी वर्षभर एका जागी बसवू शकले नव्हते तो मुलगा दोन तास श्वास रोखून काड्या सरकवत होता, कारण टेबलाला धक्का लागला तर सगळं पुन्हा.

याच निमित्ताने कपाटातली मीनाची पुस्तकं बाहेर काढली. मीना, राजू आणि मिठू पोपट, शिक्षकांना नव्याने सांगायला नको. युनिसेफसाठी मीनाला घडवलं राम मोहन यांनी. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकलेला हा माणूस. तिचा चेहरा आणि पोशाख भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळीकडच्या गावांतल्या लोकांना आपला वाटावा म्हणून चित्रं लोकांना दाखवून ठरवली गेली. याच राम मोहन यांनी जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्यासोबत रामायणावरचा कार्टून सिनेमाही केला. म्हणजे जपानची वाट मुंबईतूनही जाते, हे मुलांना कळलं.

इथवर सगळं सहलीच्या अहवालात बसतं. अहवाल मी फेब्रुवारीतच देऊन टाकला होता.

19 जुलै 2023 च्या रात्री, धो धो पावसात, इर्शाळगडाचा उतार सुटला आणि इर्शाळवाडीचा मोठा भाग झोपेतच गाडला गेला. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसं चिखलातून चढून गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं मिळालीच नाहीत. पुढे शोध थांबवून त्यांना मृत ठरवलं गेलं. वाचलेल्यांना चौकला कंटेनरच्या घरांत ठेवलं. आमच्याकडच्या मशिदींतून कपडे, धान्य गेलं, आणि आमच्या मुलांनी आणलेलं पोहे-साखरेचं सामानही.

शाळा उघडल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली आणि वही पुढे केली. सहलीच्या वेळची, मराठीचीच, शंभर पानी. कोपऱ्यात दोन बायका. पानं सोडली की मोळ्या घेऊन उतारावरून खाली येतात, सुळका मागे पडत जातो, शेवटच्या पानांत रस्ता लागतो. "मॅडम, त्या तिथल्याच होत्या का?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. त्या भागात वाड्या काही कमी नाहीत. मी तेच सांगितलं.

मग दोन आठवडे झाले असतील नसतील, 2 ऑगस्टला बातमी आली. नितीन देसाई यांनी आपल्या त्याच स्टुडिओत आयुष्य संपवलं. अठ्ठावन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, हे पुढे सगळ्यांनीच वाचलं. वर्गात त्या दिवशी काय बोलावं मला सुचेना. जीव अल्लाहची अमानत आहे, हे मुलांना मदरशात शिकवलेलं असतं. ते सांगणं सोपं होतं आणि मी सांगितलंही. पण त्यांचे प्रश्न वेगळे होते. "एवढे पुरस्कार मिळाले तरी?" "आता तो किल्ला पाडणार का?" आणि ठसा सापडलेला तो मुलगा, "मग मामूने ते काम सोडलं ते बरंच केलं ना?"

मी त्यांना एवढंच म्हणाले की आपल्या मनावर ओझं असेल तर ते घरात कुणाला तरी, शाळेत मला, सांगायचं, अर्ध्या रात्रीही. कामाबद्दल खोटं बोलले नाही. या धंद्यात मोठी नावं थोडी, राबणारे हात पुष्कळ. जपानमध्येसुद्धा नवख्या चित्रकारांना मोबदला कमी आणि कामाचे तास फार, ही तिथली जुनी तक्रार आहे. व्हिडिओत ते टेबल दिसतं, रात्रीचे दोन वाजलेले दिसत नाहीत.

त्याच महिन्यात चाचांनी मला घरी बोलावलं. वही त्यांच्या पुढ्यात होती. चष्मा लावून ते कोपरा बोटाने सोडत होते, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा. पानं सुटायला त्यांचं बोट अडखळायचं, मग बायका मध्येच थांबायच्या.

नातीला हाक मारून विचारलं, "यांचे चेहरे का नाही काढलेस?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात ना, दादाअब्बा."

तिचं म्हणणं खरं होतं. सगळ्या पानांवर, शंभराच्या शंभर, दोन्ही बायकांच्या चेहऱ्याच्या जागी कोरा कागद होता. त्यांनी वही मिटली. माझ्याशी गिरणीतल्या ठाकर गिऱ्हाइकांची नावं आठवत बोलत बसले. काही नावं आठवली, काही नाही.

तिचे चेहरे काढणं त्यांना मान्य झालं का, हे मी आजही सांगू शकत नाही. शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म मात्र सही होऊन आला, पुढच्या वर्षी इंटरमीजिएटचाही. त्यात स्थिरचित्र, स्मरणचित्र, नक्षी, भूमिती असते. या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, आणि त्याची बऱ्याच पालकांना कल्पना नसते, म्हणून इथे लिहिते. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. 1857 पासून चालत आलेलं जे. जे. मुंबईत सीएसएमटीच्या पलीकडेच आहे, म्हणजे कर्जत लोकलने थेट. ती आता अकरावीत आहे, विज्ञान शाखा घेतली, अब्बांच्या आग्रहाने. पोस्टर कलरचा डबा आजोबांनी घेऊन दिलाय. डब्याची किंमत त्यांनी मला दोनदा ऐकवली.

स्टुडिओ आता राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाकडे आहे. इर्शाळवाडीच्या लोकांना चौकजवळ नवी घरं मिळाली. चौकच्या रस्त्याने गेलं की नेढं पूर्वीसारखंच दिसतं, खाली उतारावर मात्र एक मातकट ओरखडा.

यंदाची आठवी नवीन आहे. प्रश्न तोच आला, जपान. या वेळी मी पेडर रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ठरवलंय, गुलशन महालाच्या आवारातलं. संमतीपत्रं वाटून झाली आहेत. मुलींची अजून चार यायची आहेत, त्यातल्या दोन घरी चाचा स्वतः जाऊन येतो म्हणालेत. पुढची सीट त्यांनी आत्ताच सांगून ठेवली आहे.